विनिपेगला यायच्या आधी इथली जमीन कोणाची होती ते समजून घे

तुझा मेसेज नीट वाचला. तू लिहिलंयस की भोसरीत सीएनसीवर काम करतोयस, मेव्हणा कॅनडात विनिपेगला आहे म्हणून मॅनिटोबा प्रांताच्या प्रोव्हिन्शियल नॉमिनीतून, म्हणजे प्रांत स्वतः माणसं निवडतो त्या योजनेतून, यायचं चाललंय, मुलगी तिसरीत आहे, थंडीचे व्हिडिओ बघून झालेत, पण ताई तिथले लोक कसे आहेत? कॅनडा तर जेमतेम दीडशे वर्षांचा देश, रिकाम्या जागेत सगळे बाहेरूनच येऊन राहिलेले, मग आपल्याला परकं कोण म्हणणार? आणि शेवटी हळूच विचारलंयस की शहराच्या नॉर्थ एंड भागाकडे घर बघू नका, तिकडे नेटिव्ह लोक असतात असं सगळे सांगतात, ते खरं का.

कामाचं, घराचं, थंडीचं खाली लिहितेच. पण आधी या दोन गोष्टींवर लिहिते, कारण येणाऱ्या आपल्या लोकांना जॅकेट कुठलं घ्यायचं ते शंभर जण सांगतात आणि हे कोणीच सांगत नाही. मी इथे शाळेत एज्युकेशनल असिस्टंट आहे, पोरांबरोबर बसून यातलं बरंच मलाही शिकायला मिळालं, आणि माझं ठाम मत झालंय की हे माहीत नसलं तर माणूस इथे वर्षानुवर्षं राहूनसुद्धा आपल्या शेजाऱ्यांना ओळखत नाही.

रिकामी जागा हे पहिलं डोक्यातून काढ. विनिपेगच्या मधोमध रेड आणि असिनिबॉइन या दोन नद्या मिळतात, त्या जागेला द फोर्क्स म्हणतात, आज तिथे मार्केट आहे, हिवाळ्यात नदी गोठली की लोक स्केटिंग करतात. त्या जागी माणसं सहा हजार वर्षांपासून येऊन राहतायत, व्यापार करतायत, असं उत्खननातून निघालंय. क्री, अनिशिनाबे, असिनिबॉइन, डकोटा, या सगळ्या मूळ जमातींचा राबता होता. दीडशे वर्षं जुनं आहे ते सरकार, देश नाही.

आता युरोपातले लोक आले ते कसे आले बघ. १५३५-३६ च्या हिवाळ्यात झाक कार्टिए हा फ्रेंच दर्यावर्दी आजच्या क्यूबेक शहराजवळ अडकला, बर्फात जहाजं गोठली आणि माणसांना स्कर्व्ही झाला, हिरड्या सडून पंचवीसेक माणसं मेली, मग तिथल्या स्थानिक लोकांनी एका झाडाच्या पाल्याचा आणि सालीचा काढा करून प्यायला शिकवला आणि उरलेले वाचले. आणि वसंतात परत जाताना कार्टिएने काय केलं, तर त्यांच्याच प्रमुखाला, डोनाकोनाला, पकडून जहाजावर घातलं आणि फ्रान्सला नेलं, तो तिथेच मेला. ही गोष्ट मी नेहमी आधी सांगते कारण पुढच्या चारशे वर्षांत हेच परत परत झालं, आधी इथल्या लोकांनी जगवलं आणि मग त्यांचंच काढून घेतलं.

ज्यांना अशी मदत मिळाली नाही त्यांचं काय झालं तेही ऐक. हेन्री हडसन १६१० मध्ये आशियाला जायचा समुद्रमार्ग शोधत, ज्याला आज हडसन उपसागर म्हणतात त्या प्रचंड उपसागरात शिरला, हिवाळा तिथेच काढावा लागला, आणि १६११ च्या जूनमध्ये त्याच्याच खलाशांनी बंड करून त्याला, त्याच्या मुलाला आणि आणखी सात जणांना एका छोट्या होडीत सोडून दिलं, पुढे त्यांचा पत्ताच लागला नाही. १६१९ मध्ये डेन्मार्कचा येन्स मुंक दोन जहाजं घेऊन आजच्या चर्चिलला पोचला, म्हणजे आपल्याच मॅनिटोबा प्रांतात, जिथे आज लोक पोलर बेअर बघायला जातात. साठाहून जास्त माणसं होती, पुढच्या उन्हाळ्यात जिवंत परत निघाले ते मुंक धरून तिघं. अंगावर कपडे होते, जहाजात दारू-धान्य होतं, पण इथे काय खायचं आणि कसं राहायचं हे सांगणारं जवळ कोणी नव्हतं. तुला थंडीची भीती वाटते ना, तर थंडीपेक्षा हे महत्त्वाचं आहे, थंडीला उपाय आहेत, ते विचारायला माणसं लागतात.

आता जो भाग तुला एकदम ओळखीचा वाटेल तो. इंग्लंडचा दुसरा चार्ल्स राजा, ज्याला पोर्तुगीज राजकन्येशी लग्न करताना हुंड्यात मुंबई मिळाली आणि ज्याने १६६८ मध्ये ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली, त्याच राजाने दोनच वर्षांनी, २ मे १६७० ला, लंडनच्या दुसऱ्या एका कंपनीला सनद दिली, ती हडसन्स बे कंपनी. काय दिलं, तर हडसन उपसागरात ज्या ज्या नद्यांचं पाणी जातं ती सगळी जमीन, आजच्या कॅनडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा. राजाने ती बघितलेली नव्हती, त्याची नव्हती, तिथे राहणाऱ्यांना विचारलं नव्हतं. भाडं काय, तर राजा किंवा त्याचे वारस जेव्हा कधी त्या प्रदेशात येतील तेव्हा दोन एल्क हरणं आणि दोन काळे बीव्हर, म्हणजे नदीत बांध घालणारे केसाळ प्राणी. आपण कंपनी सरकार शाळेत शिकलो, तसंच कंपनी सरकार इथेही होतं आणि दोनशे वर्षं होतं, फक्त इकडे मसाले आणि कापडाच्या जागी बीव्हरची कातडी, कारण युरोपात त्याच्या केसांच्या फेल्टच्या हॅटची फॅशन होती. त्यामुळे आपल्याला हा इतिहास परका वाटायचं काहीच कारण नाही.

कंपनीने उपसागराच्या काठावर ठाणी बांधली आणि गोरी माणसं बरीच वर्षं तिथेच बसून राहिली, आत जंगलात जाऊन कातडी आणणारे क्री आणि असिनिबॉइन होते, भाव चालायचा तो बीव्हरच्या कातड्यात, एवढ्या कातड्यांना एक बंदूक, एवढ्यांना एक घोंगडी. आणि हा व्यापार प्रत्यक्षात चालवला बायकांनी, हे पुस्तकात दोन ओळीत येतं म्हणून मुद्दाम सांगते. बर्फात चालायचे स्नोशू विणणं, कातडी कमावणं, बायसनचं मांस वाळवून चरबीत कालवून पेमिकन करणं जे महिनोन्महिने टिकतं आणि ज्याच्यावर होड्या वल्हवणारी माणसं जगायची, दुभाषाचं काम, दोन जमातींत समेट घडवणं. थानाडेल्थर नावाची उत्तरेकडच्या डेने जमातीची एक तरुण बाई होती, यॉर्क फॅक्टरीच्या ठाण्यावरून १७१५ मध्ये निघून तिने क्री आणि तिच्या स्वतःच्या लोकांत तह घडवून आणला, कंपनीची माणसं तिच्या मागे मागे गेली होती. व्यापाऱ्यांनी इथल्या बायकांशी संसार केले, त्यांच्या मुलाबाळांमधून पुढे एक वेगळाच समाज उभा राहिला, मेटी. फ्रेंच आणि क्री मिसळलेली भाषा, फिडलची गाणी, बायसनची शिकार, नदीकाठची शेती. विनिपेग हे त्यांचं माहेरघर. तुझ्या मुलीच्या वर्गात मेटी पोरं असतीलच, त्यांना कोणी अर्धे-अर्धे म्हटलेलं चालत नाही, ते स्वतंत्र राष्ट्र आहे आणि कॅनडाच्या राज्यघटनेत मूळ लोकांमध्ये त्यांचं वेगळं नाव आहे.

मग वसाहत. स्कॉटलंडमध्ये जमीनदारांनी मेंढ्या पाळायला कुळांना जमिनीवरून हाकललं, त्यातल्या काहींना लॉर्ड सेल्कर्कने इकडे पाठवलं, १८१२ च्या ऑगस्टमध्ये पहिली तुकडी रेड रिव्हरला पोचली. उशीर झालेला, पेरणी नाही, घरं नाहीत. सोटो (अनिशिनाबेंचीच एक शाखा) लोकांचा प्रमुख पेग्विस याने त्यांना खायला घातलं, दक्षिणेला पेम्बिनाला जाऊन बायसनच्या शिकारीवर हिवाळा काढायला त्याच्या आणि मेटी लोकांनी मदत केली. पुढे वसाहतीच्या गव्हर्नरने पेमिकन बाहेर न्यायला बंदी घातली आणि भांडण पेटलं, १९ जून १८१६ ला सेव्हन ओक्सला चकमक झाली, वसाहतवाल्यांची एकवीस माणसं गेली, मेटींचा एक. ती जागा आज मेन स्ट्रीटवर आहे, बसमधून जाताना छोटं स्मारक दिसतं. त्यानंतरही उरलेल्यांना आसरा देणारा पेग्विसच होता. १८१७ मध्ये सेल्कर्कने त्याच्याशी आणि आणखी चार प्रमुखांशी करार केला, नदीच्या दोन्ही बाजूंची दोन दोन मैलांची पट्टी वापरायला द्यायची आणि बदल्यात वर्षाला सोटोंना आणि क्रींना प्रत्येकी शंभर पौंड वजनाचा तंबाखू. आता याच पेग्विसच्या लोकांना पुढे काय मिळालं ते बघ. विनिपेगच्या उत्तरेला सेंट पीटर्स इथे त्यांची चांगली सुपीक जमीन होती, १९०७ मध्ये गडबडीने मतदान घेऊन ती काढून घेतली आणि त्यांना लांब उत्तरेला पूर येणाऱ्या सखल भागात पाठवलं. तो व्यवहार बेकायदा होता हे सरकारने खूप उशिरा मान्य करून भरपाई दिली. पण पूर अजून येतात, बातम्यांमध्ये दर काही वर्षांनी पेग्विस फर्स्ट नेशनची (इथल्या मूळ जमातींना फर्स्ट नेशन म्हणतात) माणसं विनिपेगच्या हॉटेलांत आणून ठेवलेली दिसतील तेव्हा हे आठव.

१८६९-७० ला कंपनीने ती सगळी जमीन नव्या कॅनडा सरकारला तीन लाख पौंडांना विकली. परत तेच, राहणाऱ्यांना विचारलं नाही. समज आपल्या गावात एक दिवस मोजणीवाला येऊन साखळी टाकायला लागला आणि म्हणाला की सातबारा कुणाच्याही नावावर असो, सगळं गाव मुंबईतल्या एका शेठने दिल्लीतल्या दुसऱ्या शेठला विकलंय, तसं. मेटी लोकांच्या जमिनी नदीपासून आत लांब चिंचोळ्या पट्ट्यांत होत्या म्हणजे प्रत्येकाला पाणी, झाडी आणि गवत तिन्ही मिळायचं, आणि सरकारी सर्व्हेअर चौकोनी तुकडे पाडत आले. ११ ऑक्टोबर १८६९ ला लुई रिएल नावाच्या चोवीस वर्षांच्या मेटी पोराने सोबत काही जण घेऊन त्यांना अडवलं, मोजणीच्या साखळीवर पाय ठेवला आणि सांगितलं पुढे जाऊ नका. त्यांनी स्वतःचं हंगामी सरकार केलं, मागण्या मांडल्या आणि त्यातून १८७० मध्ये मॅनिटोबा हा प्रांत जन्माला आला. म्हणजे तू ज्या प्रांताच्या नॉमिनेशनसाठी अर्ज करतोयस तो प्रांतच मेटी लोकांनी उभा केलाय. रिएलला मात्र पळून जावं लागलं, आणि १८८५ मध्ये पश्चिमेकडच्या दुसऱ्या लढ्यानंतर १६ नोव्हेंबरला रेजायनाला फाशी दिली. आज फेब्रुवारीच्या तिसऱ्या सोमवारी मॅनिटोबात त्याच्या नावाची सुट्टी असते. कायद्यात मेटी मुलांसाठी चौदा लाख एकर राखले होते, ते वाटताना इतकी दिरंगाई आणि दलालांची लूट झाली की बहुतेकांच्या हाती काही राहिलं नाही, आणि २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की सरकारने आपलं वचन पाळलं नाही. सेंट व्हायटल, किल्डोनन भागात नकाशा उघडून बघ, रस्ते नदीला काटकोनात लांब लांब का जातात ते कळेल, त्या जुन्या पट्ट्याच आहेत त्या.

फर्स्ट नेशन्सबरोबर ३ ऑगस्ट १८७१ ला लोअर फोर्ट गॅरीला कॅनडा सरकारची क्रमांक एकची ट्रीटी, म्हणजे जमिनीचा करार, झाला. पाच माणसांच्या कुटुंबाला १६० एकर या हिशोबाने रेझर्व्ह, म्हणजे राखीव जमीन, आणि माणशी वर्षाला ३ डॉलर, ते १८७५ मध्ये ५ केले. आजही ५ डॉलरच मिळतात. आणि पुढच्याच वर्षी, १८७२ ला, जो कायदा आला त्यात बाहेरून येणाऱ्या एका सज्ञान पुरुषाला १० डॉलर फी भरून तेवढेच १६० एकर, तीन वर्षं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची, की झाली नावावर. एकीकडे पाच जणांत १६० एकर, एकीकडे एकट्याला १६०. मला वाटतं कॅनडाचं बाकी सगळं नंतर वाचलंस तरी चालेल पण हे दोन आकडे शेजारी ठेवून बघ.

आणि मग लोंढा सुरू झाला. १८७४ पासून रशियातून मेनोनाइट, ते स्टाइनबाखकडे. १८७५ मध्ये ज्वालामुखी आणि उपासमारीला कंटाळलेले आइसलँडचे लोक विनिपेग सरोवराच्या काठी गिम्लीला. ते ऑक्टोबरच्या शेवटी उतरले, पुढच्याच वर्षी देवी पसरली, त्यांची शंभरेक माणसं गेली आणि शेजारची सोटो वस्ती तर पार उद्ध्वस्त झाली. तिथे जॉन रॅम्से नावाचा सोटो माणूस होता, त्याची जमीन या वसाहतीत गेली, बायको बेट्सी देवीने गेली, तरी त्याने या नवख्या लोकांना शिकार आणि मासेमारी दाखवली, त्यांना जगवलं. आइसलँडची मंडळी अजून त्याचं नाव आदराने घेतात. उन्हाळ्यात गिम्लीला जा, तासाभराचा रस्ता आहे, बीच छान आहे, मुलीला आवडेल.

रेल्वे १८८५ ला पूर्ण झाली, ती बांधताना चिनी मजूर आणले, डोंगरात कित्येक मेले, आणि काम संपल्याबरोबर चिन्यांवर माणशी ५० डॉलर प्रवेशकर, तो १९०३ पर्यंत ५०० केला. १८९६ नंतर क्लिफर्ड सिफ्टन या मंत्र्याने शेतकरी हवेत म्हणून युक्रेन, पोलंडकडून माणसं आणली, आणि जी शहरात राहिली ती विनिपेगच्या नॉर्थ एंडला, म्हणजे रेल्वेच्या रुळांपलीकडे. आता नीट वाच. ज्या नॉर्थ एंडबद्दल तुला सांगतात तिकडे जाऊ नका, त्याच नॉर्थ एंडबद्दल शंभर वर्षांपूर्वी इंग्रजी बोलणारे लोक हेच बोलायचे, फक्त तेव्हा तिथे युक्रेनी, पोलिश आणि ज्यू होते, घाणेरडे आहेत, दारू पितात, आपल्यात मिसळत नाहीत. पहिल्या महायुद्धात शत्रू असलेल्या ऑस्ट्रियाचे नागरिक म्हणून हजारो युक्रेनियन लोकांना छावण्यांत डांबलं. १९१९ मध्ये विनिपेगला तीसेक हजार कामगारांनी सहा आठवडे संप केला तेव्हाही पहिलं खापर परदेशी लोकांवर फुटलं, २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला, दोघं गेले. आज त्याच युक्रेनियन लोकांची नातवंडं इथे मंत्री, डॉक्टर, सगळं आहेत आणि नॉर्थ एंडची चर्चं अजून त्यांची आहेत.

आपल्यालाही दार बंदच होतं. १९०८ मध्ये नियम केला की मायदेशातून थेट, मध्ये कुठे न थांबता आलात तरच प्रवेश, आणि भारतातून तसं जहाजच नव्हतं. १९१४ मध्ये कोमागाटा मारू ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला आली, बहुतेक शीख, काही मुसलमान, काही हिंदू, दोन महिने बंदरात उभी ठेवली, अन्नपाणी तोडलं, चोवीसेक जण सोडून बाकी सगळ्यांना परत पाठवलं आणि कोलकात्याजवळ बजबजला उतरल्यावर ब्रिटिशांच्या गोळीबारात त्यातले वीसेक मारले गेले. १९५१ मध्ये भारतातून वर्षाला किती जणांना परवानगी होती माहितीये, १५०. वर्णावरून निवड १९६२ ला बंद झाली, पॉइंट सिस्टिम १९६७ ला आली, आणि मॅनिटोबाचा नॉमिनी प्रोग्राम १९९८ चा. तर तू आज पॉइंट मोजतोयस तो रस्ता आधीच्या पंजाबी, चिनी लोकांनी भांडून उघडलाय. आणि एक गोष्ट जी मला कळली तेव्हा पटेचना, भारतीय वंशाच्या लोकांना इथे मताधिकार १९४७ ला मिळाला आणि फर्स्ट नेशन्सच्या लोकांना, मूळ रहिवासी म्हणून असलेला आपला कायदेशीर दर्जा न सोडता, १९६० ला. म्हणजे आपण उशिरा येऊनही त्यांच्या आधी मतदार झालो.

आता तुझा खरा प्रश्न, नेटिव्ह लोक. पहिलं म्हणजे इथे तो शब्द वापरू नकोस, इंडिजिनस म्हण, किंवा फर्स्ट नेशन्स, मेटी, इन्युइट. दुसरं, डाउनटाऊनला, मेन स्ट्रीटवर तुला दारू प्यायलेले, रस्त्यावर झोपलेले लोक दिसतील, त्यात इंडिजिनस बरेच असतील, आणि आपले लोक लगेच सांगतील की यांना सरकार फुकट पैसे देतं, हे कामच करत नाहीत. हे बोलणारे चुकीचं बोलतात. १८८० च्या दशकापासून शंभर वर्षांहून जास्त काळ यांची पोरं घरातून उचलून रेसिडेन्शियल स्कूलमध्ये ठेवली, दीड लाखाच्या आसपास मुलं, शेवटची शाळा १९९० च्या दशकात बंद झाली. भाषा बोललं की मार, केस कापलेले, भावाबहिणीला भेटायचं नाही, हजारो मुलं तिथेच मेली. रेझर्व्हबाहेर जायला पास लागायचा, १९२७ पासून १९५१ पर्यंत जमिनीच्या दाव्यासाठी वकील लावायला पैसे गोळा करणंसुद्धा गुन्हा होता. तुझ्या मुलीच्या वयाची पोरगी सप्टेंबरला कुणी उचलून न्यावी आणि जूनपर्यंत दाखवू नये, असं तीन-चार पिढ्या चाललं तर कुठल्या घरात काय उरेल? माझ्या शाळेत ज्या आज्या नातवंडांना सोडायला येतात त्यातल्या काही स्वतः या शाळांतून गेलेल्या आहेत. मरे सिंक्लेअर हे मॅनिटोबाचेच अनिशिनाबे न्यायाधीश या शाळांच्या चौकशी आयोगाचे अध्यक्ष होते, २०१५ ला अहवाल आला, ९४ शिफारशी. ३० सप्टेंबरला सगळी शाळा केशरी शर्ट घालते ते याचसाठी, मुलीला त्या दिवशी शर्ट घालून पाठव आणि का घालतात ते आधी घरी सांग.

पाण्याचंही सांगते, कारण रोज पिशील. विनिपेगच्या नळाचं पाणी दीडशे किलोमीटरवरच्या शोल लेकमधून १९१९ पासून येतं, उताराने आपोआप, फार चांगलं पाणी आहे. ती योजना करताना तिथल्या शोल लेक ४० फर्स्ट नेशनचं गाव हलवलं आणि कालवा खणल्यावर ते बेटासारखं तुटून गेलं. ज्या तलावाचं पाणी आपण पितो त्याच्याच काठच्या गावाला १९९७ पासून २०२१ पर्यंत पाणी उकळून किंवा बाटलीचं प्यावं लागत होतं. रस्ता झाला २०१९ ला, त्याला फ्रीडम रोड नाव दिलंय.

बदल होतोय हेही तितकंच खरं. २०२३ ला वॉब किन्यू मॅनिटोबाचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, झाले, कुठल्याही प्रांताचे पहिले फर्स्ट नेशन्स प्रीमियर, त्यांचे वडील रेसिडेन्शियल स्कूलमधून गेलेले. पोर्टेज अव्हेन्यूवरची हडसन्स बे कंपनीची १९२६ ची भलीमोठी दुकानाची इमारत २०२२ ला दक्षिण मॅनिटोबाच्या फर्स्ट नेशन्सच्या संघटनेला सुपूर्द केली, आणि त्या कार्यक्रमात त्यांच्या प्रमुखांनी कंपनीला बीव्हरची आणि एल्कची कातडी दिली, सनदेतलं भाडं आठवून. कंपनीची सगळी दुकानं २०२५ ला बंद झाली. नागरिकत्वाच्या शपथेत २०२१ पासून इंडिजिनस लोकांचे हक्क आणि ट्रीटी मान्य करायचं वाक्य आहे, तुलाही ते म्हणायचंय. इथे म्हणतात की ट्रीटीला दोन बाजू होत्या आणि नंतर आलेले सगळे दुसऱ्या बाजूचे, मला ते पटतं, कारण मी घर घेतलं ते त्या करारामुळेच घेऊ शकले.

दुसरीकडे नवीन आलेल्यांबद्दलची हवाही बदललीय. घरं महागली, दवाखान्यात रांगा वाढल्या, त्याचा राग इमिग्रंटवर निघतो, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्राने २०२५ च्या पीआरचं (कायम राहायच्या परवान्याचं) लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणलं, प्रांतांच्या नॉमिनीच्या जागाही कापल्या. म्हणून सल्ला, नोकरी सोडू नकोस, घर विकू नकोस, नॉमिनेशन हातात येईपर्यंत कुणा एजंटला मोठी रक्कम देऊ नकोस, नियम फक्त प्रांताच्या सरकारी साइटवर बघ कारण ते मध्येच बदलतात.

कामाचं तुझं बरं आहे. रेल्वे आणि शेतीच्या यंत्रांमुळे इथे मशीन शॉप आधीपासून आहेत, आज विमानाच्या इंजिनांची दुरुस्ती करणारी स्टँडर्डएरो, बोइंगचा कारखाना, बस बनवणारी न्यू फ्लायर, व्हर्सटाइलचे ट्रॅक्टर, आणि त्यांना पार्ट पुरवणारे छोटे वर्कशॉप. मशिनिस्ट हा रेड सीलचा, म्हणजे देशभर मान्य असलेल्या प्रमाणपत्राचा, ट्रेड आहे, तुझे अनुभवाचे तास लेटरहेडवर मशीन, कंट्रोलर आणि मटेरियलसकट लिहून आण, नुसतं ऑपरेटर लिहिलेलं पत्र उपयोगाचं नाही, आणि ड्रॉइंग इंचात वाचायची सवय आत्तापासून कर.

येताना शक्यतो मे-जूनमध्ये या. लायसन्स, हेल्थ कार्ड, घर हे सगळं हवा चांगली असताना होतं आणि मुलगी सप्टेंबरला नवीन वर्गात सगळ्यांबरोबर बसते. जाड कपडे तिथून आणू नका, इथेच घ्या, उणे तीसला चालतील असे बूट तिकडे मिळत नाहीत. गाडीला ब्लॉक हीटर असतो, रात्री प्लगला लावायचा. नदीजवळ घर घेतलंस तर बेसमेंटची चौकशी कर, १९५० च्या पुरात लाखभर लोक बाहेर काढले होते, त्यानंतर शहराला वळसा घालणारा ४७ किलोमीटरचा कालवा १९६८ पर्यंत खणला म्हणून १९९७ ला शहर वाचलं, पण जुन्या बेसमेंटमध्ये पाणी अजूनही येतं.

आणि नॉर्थ एंड. काही गल्ल्यांत रात्री जपून राहावं लागतं हे खरं, पण पूर्ण भाग टाकून देण्यासारखा नाही, आणि कारण म्हणून माणसांची जात सांगू नये. आपले बरेच लोक वायव्येला मेपल्सकडे राहतात, पंजाबी, फिलिपिनो दुकानं आहेत, मेव्हण्याच्या जवळ राहायचं तर तेच सोयीचं. पहिलं वर्ष भाड्याने राहा, बसचा रूट आणि शाळा बघून मग ठरव, शाळा पत्त्यावर ठरते. बायकोचं शिक्षण आणि आत्ताचं काम काय ते लिहिलेलं नाहीस, ते कळव, लायसन्स लागणारा पेशा असेल तर तिचे कागद तुझ्याही आधी सुरू करावे लागतील.